दोन बाळासोंचं एक लेबल

गृहप्रवेशाच्या पत्रिकांवरची नावं हातानं लिहायची नाहीत, कॉम्प्युटरवर काढायची, एवढंच प्रसेनजीत कांबळेनं ठरवलं होतं. एवढ्याशा गोष्टीतून माणसाचा सासरा हातचा जाऊ शकतो, असं त्याला त्या वेळी कुणी सांगितलं असतं, तर त्यानं त्याला चहा पाजून घरी पाठवलं असतं.

प्रसेनजीत कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फौंड्रीत स्टोअर क्लार्क होता. (पंचतारांकित म्हटल्यावर लांबच्या पाहुण्यांना वाटायचं, पोरगं हॉटेलात लागलंय. तोही कधी दुरुस्त करायला जायचा नाही.) बायको संघप्रिया शहरातल्या एका तंत्रनिकेतनात कॉम्प्युटर शिकवायची. बायकोचं कौतुक करणं हा प्रसेनजीतचा जोडधंदा होता. ‘काल आमची ही काय म्हणाली ठाऊक आहे का,’ असं तो डबा उघडतानाच सुरू करायचा. शेवटी फौंड्रीतली माणसं आधी त्याचं तोंड कुठं आहे ते बघायची आणि मग जेवायला बसायची.

पण कौतुक खोटं नव्हतं. संघप्रिया शिकवायचीच तशी. दुसऱ्या दिवशीचा तास ती आदल्या संध्याकाळी स्वयंपाकघरात म्हणून बघायची. समोर विद्यार्थी म्हणून प्रसेनजीत, हातात लसूण. त्या वर्षी, म्हणजे दोन हजार सहा साली, तिनं पोरांसाठी आपण होऊन पायथन नावाच्या भाषेचा जादा वर्ग काढला होता. (पुस्तकाच्या नावाचा अर्थ कळल्यापासून प्रसेनजीतची आई मीनाबाई त्याला ‘सुनंचं अजगर’ म्हणायची.)

“लिस्ट म्हणजे एस.टी.च्या थांब्यावरची रांग,” संघप्रिया कणीक मळता मळता सांगायची. “कोण पुढं, कोण मागं ते ठरलेलं. पण मध्ये कुणी घुसू शकतं, कुणी कंटाळून रिक्षानं जाऊ शकतं. टपल म्हणजे ग्रुप फोटो. एकदा काढला की संपलं, मागनं कुणाला त्यात उभं करता येत नाही. स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची माळ. आणि सेट म्हणजे संच. ह्यातल्या एकाचं दुसरं करता येतं. फक्त करताना काय हरवतं, ते बघायचं.”

नेमकं हे शेवटचं वाक्य ती बोलली तेव्हा कुकरची शिट्टी झाली. प्रसेनजीतला ‘एकाचं दुसरं करता येतं’ इथपर्यंत ऐकू आलं आणि त्याचं समाधान झालं.

नवं घर कळंब्याला, तळ्याच्या अंगाला होतं. ‘आम्ही आता कळंब्याला राहायला चाललो’ असं प्रसेनजीत आनंदानं सांगायचा आणि लोक गंभीर होऊन विचारायचे, “किती वर्षांसाठी?” (कोल्हापुरात कळंबा म्हटलं की आधी तळं आठवतं की तुरुंग, यावरून माणसाची पारख होते.) पण त्या घराचा खरा मालक विचाराल तर प्रसेनजीतचे सासरे, हुपरीचे बाळासो कांबळे. एस.टी.तून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेला उंच, खणखणीत म्हातारा. उन्हाळाभर हुपरीहून पहिल्या गाडीनं येऊन त्यांनी भिंतींना पाणी मारलं होतं. गवंडी म्हणायचे, ह्या भिंती पाण्यानं पक्क्या झाल्या न्हाईत, म्हाताऱ्याच्या आवाजानं झाल्या.

पत्रिका छापून आल्या आणि संघप्रियाला नेमकं पुण्याला ट्रेनिंगला जावं लागलं. निघताना ती म्हणाली, “अहो, सासूबाईंना विचारून नावं हातानंच घाला. तुमचं अक्षर चांगलं आहे.”

प्रसेनजीतनं मान डोलावली. आणि तिची एस.टी. स्टँडातनं बाहेर पडायच्या आत त्याच्या मनात आलं, की ती परत येईल तेव्हा छापील लेबलं लावलेल्या पत्रिका तिच्यासमोर ठेवायच्या. ‘कुणी केलं?’ असं ती विचारेल. आपण काही बोलायचं नाही. नुसतं कीबोर्डवर फडकं मारत राहायचं.

मीनाबाई शेंगा सोलत नावं सांगायला बसली. हा टाइप करत गेला. मराठी अक्षरं ते मशीन नीट घेईना, म्हणून इंग्रजीत.

“आधी भन्तेजी घाल. मग आक्का.” आक्का म्हणजे प्रसेनजीतची थोरली आत्या. घराण्यातल्या मानापानाचं खातं तिच्याकडं होतं. “मग बाळासो कांबळे.”

“घातलं.”

“मग बाळासो कांबळे.”

“आई, आत्ताच घातलं की.”

“त्ये कागलचं तात्या. ह्ये तुझं सासरं. आणि आक्का घाटलीस न्हवं? घाल, न्हायतर डोस्कं खाईल.”

असं करत आक्का तीनदा आली, रंगारी गुंडू दोनदा आला, आणि कांबळे, कांबळे, कांबळे टाइप करून प्रसेनजीतची बोटं आपोआपच तिकडं वळायला लागली. सगळी नावं त्यानं स्वल्पविराम देत एकाच लांबलचक ओळीत घातली. आता एकच काम राहिलं. ही माळ तोडून नावं सुटी करायची. स्ट्रिंगची लिस्ट करायची! त्यानं रुबाबात तशी आज्ञा लिहिली.

राजारामपुरीत डीटीपीचं दुकान असलेला त्याचा मित्र अतुल त्याला एक जुना प्रिंटर आणि लेबलांचा अख्खा रोल देऊन गेला होता. जाताना म्हणाला होता, “आधी साध्या कागदावर काढून बघ की मर्दा.”

“माझी बायको हे शिकवती,” प्रसेनजीत म्हणाला होता. (यानं अतुलच्या शंकेचं उत्तर कसं मिळतं, ते त्यालाही सांगता आलं नसतं.)

प्रिंटर सुरू झाला. पिठाच्या गिरणीसारखा आवाज करत रोल पुढं सरकू लागला. मीनाबाई कौतुकानं जवळ आली. तिनं सरकत येणारी लेबलं हातात धरली. एका लेबलावर एक अक्षर. पुढच्यावर दुसरं. त्याच्या पुढच्यावर तिसरं.

“जितू, ह्ये काय ए बी शी डी काढायलायस? गृहप्रवेश हाय का बालवाडी?”

“थांब जरा, जुळंल.”

“आणि ह्ये कोरं? ह्ये कुणाचं?”

“ते... स्पेस आहे.”

“स्पेस? ह्ये पावणं कुठलं?”

“पावणं नव्हे गं, नाव आणि आडनावाच्या मधली जागा.”

“मधल्या जागंला बी पत्रिका द्यायची?” मीनाबाईनं चष्मा नीट केला. “आणि हितं नुसतीच शेपटी हाय.”

“तो कॉमा.”

“बरं बरं,” मीनाबाई म्हणाली. “कोमात असंल तर त्येला पत्रिका नगं. आपुनच बघून येऊ.”

प्रसेनजीतनं प्रिंटरची वायर उपटली तेव्हा निम्मा रोल जमिनीवर पसरला होता. मशीनचं काही चुकलं नव्हतं. अक्षरांच्या माळेची लिस्ट कर म्हटल्यावर त्यानं माळेतला एकेक मणी सुटा करून दिला होता. माळेतला मणी म्हणजे अक्षर, नाव नव्हे, हे प्रसेनजीतला तेव्हा उमगलं.

त्यानं पुण्याला फोन लावला.

“सहज विचारतोय हं. एखाद्याला एका ओळीतली नावं सुटी करायची असतील तर?”

“एखाद्याला म्हणजे?”

“आमच्या फौंड्रीत आहेत एकजण.”

“त्यांना सांगा, लिस्ट करू नका, स्प्लिट वापरा. स्वल्पविरामावर तोडा. आणि त्यांना हेही सांगा, की त्यांचं अक्षर चांगलं आहे.”

बायकोची हुशारी बघून प्रसेनजीतला भरून आलं. (आपण पकडले गेलोय, हे त्याच्या ध्यानात दुसऱ्या दिवशी कागलच्या बसमध्ये आलं.) स्प्लिट केल्याबरोबर नावं मोत्यासारखी सुटी झाली. आता आक्का तीनदा होती तेवढं निस्तरायचं. एकेक नाव शोधून खोडण्याऐवजी त्यानं अजगराचं पुस्तक चाळलं आणि त्याला खजिना सापडला. संच! संचात एकच वस्तू दोनदा राहत नाही. लिस्टचा संच करायचा, की जादाचं सगळं गळून पडतं. मग त्या संचाची परत लिस्ट करायची. त्यानं तसं केलं. आक्का एक, गुंडू एक, सगळं स्वच्छ. हे आपल्याला कुणी शिकवलं नाही, आपलं आपण शोधलं, या विचारानं तो खुर्चीतनं उठून घरात एक फेरी मारून आला. आणि कुणी परत ढवळाढवळ करू नये म्हणून शेवटी त्यानं त्याचं टपल करून टाकलं.

“जितू, गुंडूच्या बायकोचं बी नाव घाल रं,” मीनाबाई आतून ओरडली.

“आता न्हाय. टपल झालंय.”

“काय झालंय?”

“टपल. आता त्यात काही बदलत न्हाय.”

“टपल झालंय व्हय?” मीनाबाई पदराला हात पुसत बाहेर आली. “मग एक टपली बी दिऊ का?”

लेबलं छान निघाली. पत्रिकांवर चिकटली. प्रसेनजीतनं गठ्ठा ज्या क्रमानं निघाला त्याच क्रमानं वाटायला घेतला, आणि तिथंच मानापानाला पहिली ठेच लागली. संचात रांग उरत नाही. कोण पुढं, कोण मागं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. पहिली पत्रिका रंगारी गुंडूला गेली. गुंडूला इतका आनंद झाला, की तो पत्रिका घेऊन आधी आक्काच्याच गल्लीत फिरला. आक्काची पत्रिका घेऊन प्रसेनजीत पोचला तेव्हा ती दारातच बसली होती.

“ये बाबा. रंगाऱ्याचं पैलं, मग आमचं. भिंतीला रंग त्येनंच दिलाय न्हवं, आमी काय, नुस्तं तुला अंगाखांद्यावर खेळवलंय.”

तिथं चहाबरोबर जे ऐकायचं ते ऐकून तो सुटला. बाळासो कांबळेंची पत्रिका त्यानं कामावर जाता जाता कागलला तात्यांच्या हातात दिली. गठ्ठा संपला. काम फत्ते.

शुक्रवारी दुपारी संघप्रिया पुण्याहून आली. प्रसेनजीत हातात फडकं घेऊन कीबोर्डजवळ तयारच होता. तिनं बॅग ठेवली, एवढ्यात फोन वाजला. हुपरीहून तिची आई शालूबाई बोलत होती. संघप्रिया नुसती ऐकत राहिली आणि ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरत गेला.

“आबा येणार नाहीत म्हणतात,” फोन ठेवून ती म्हणाली. “कागलच्या तात्यांना पत्रिका पोचली, गुंडूला पोचली, हुपरीला नाही. गावात लोक विचारायला लागलेत. आबा म्हणाले, भिंती वल्ल्या करायपुरता मी हुतो.”

प्रसेनजीतच्या हातातलं फडकं खाली पडलं. त्यानं कॉम्प्युटर लावला. संघप्रियानं उभ्याउभ्याच त्याच्या चार ओळी वाचल्या. ती चिडली नाही. चिडली असती तर बरं, असं त्याला वाटून गेलं.

“दोन बाळासो कांबळे होते,” ती हळू म्हणाली. “संचानं एक ठेवला.”

“पण मी कुणालाच खोडलं नाही गं.”

“तेच तर. खोडलं असतं तर कळलं तरी असतं.” तिनं स्कूटीची किल्ली उचलली. “चला, बसा मागं.”

हुपरीला घरोघरी चांदीकाम चालतं. बाळासोंच्या घराच्या पुढच्या सोप्यातही शालूबाई पाटावर पैंजण ठेवून घुंगरं जोडत बसली होती. बाळासो खांबाला टेकून बसले होते. त्यांनी लेकीकडं बघून मान हलवली आणि जावयाकडं वळून अतिशय आदबीनं म्हणाले,

“या पावणं. कुणाकडं आलासा?”

सात जन्मात ज्याचं तोंड बघितलं नाही, त्याला पावणं म्हणतात. इतकी वर्षं प्रसेनजीत इथं जावईबापू होता.

“मामा, चूक झाली. म्हंजे त्याचं असं झालं, संच केला की एकसारखी नावं...”

“शालू, पावण्यांस्नी पाणी दे. गाव चुकल्यात.”

“आबा, मी सांगते,” संघप्रिया म्हणाली आणि आईशेजारी खाली बसली. तिनं पाटावरचं पैंजण उचलून वडिलांसमोर धरलं. माहेरच्या उंबऱ्यात आल्यावर तिची भाषाही माहेरची झाली. “ह्यातली घुंगरं सगळी एकसारखीच हाईत न्हवं?”

“साचा एकच. एकसारखीच असणार की.”

“ह्यांनी मशीनला सांगितलं, ह्येचा संच कर. मशीन लई इमानदार. संच म्हंजे एकसारखं दुसरं ठेवायचं न्हाय. त्येनं एक घुंगरू ठेवलं, बाकीची बाद केली. साखळी बी मोडली, कोण आधी, कोण मागनं ते बी गेलं. म्हणून गुंडू पैला आणि आक्का नंतर.”

बाळासोंनी पैंजण हातात घेतलं. बराच वेळ उलटसुलट करून बघितलं.

“एकच घुंगरू?”

“एकच.”

“मग ते वाजंल कसं?”

“न्हाय वाजत, आबा. म्हणून तर आलोय.”

प्रसेनजीत बायकोकडं बघतच राहिला. सासरा हातातनं निसटत चाललेला असतानाही त्याच्या मनात आलं, काय शिकवते ही! (मार खाता खाता मारणाऱ्याच्या नेमाचं कौतुक करणारी काही माणसं असतात, त्यातला तो.)

बाळासोंचे खांदे हलायला लागले. आधी वाटलं, रडतायत. मग शालूबाईला हसू फुटलं तेव्हा कळलं, म्हातारा हसतोय. पण जावयाकडं वळेपर्यंत त्यांनी तोंड पुन्हा सरळ केलं.

“मशीनचं समजलं मला. त्येला दोन्ही बाळासो सारकंच. त्येनं काय उन्हाळ्यात कळंब्याला येऊन बघितलं न्हवतं. पर तुमी बघितलं हुतंसा की न्हाय? गठ्ठा वाटताना तुमास्नी बी घावलं न्हाय, की आपला सासरा ह्येच्यात न्हाय?”

ती भर उन्हात पाइप धरून उभी असलेली उंच आकृती प्रसेनजीतच्या डोळ्यांसमोर आली. दमला तरी सावलीला न बसणारा माणूस. भिंत सुकली तर पोरीचं घर कच्चं राहील म्हणायचा. त्यानं नुसते हात जोडले.

“न्हाय घावलं, मामा. छापील लेबलाच्या नादात मी माणूसच विसरलो.”

बाळासो शालूबाईला म्हणाले, “त्या पोराला पाटाजवळ बसीव. पेन दे.” आणि जावयाला, “काढा पत्रिका. लिवा माझ्यासमोर. हातानं.”

संघप्रियानं निघतानाच पर्समध्ये कोरी पत्रिका घातली होती. (तिला सगळंच आधी सुचतं.) प्रसेनजीत मांडी घालून बसला आणि लिहायला लागला. बाळासो कांबळे, असं लिहून तो थांबला.

“कंचं बाळासो?” वरून आवाज आला.

त्यानं पुढं लिहिलं, ‘आमच्या घराला पाणी घालणारे, संघप्रियाचे आबा.’

बाळासोंनी पत्रिका उजेडात धरून दोनदा वाचली. “अक्षर झ्याक हाय की,” ते म्हणाले. “मग कशापायी त्या मशिनीच्या नादाला लागलासा, जावईबापू?”

त्या शेवटच्या शब्दानं प्रसेनजीतला इतकं बरं वाटलं, की शालूबाईनं पुढं ठेवलेल्या पोह्यांना मीठच नाही, हे त्याला निम्मी बशी संपल्यावर कळलं.

परतताना त्यानं स्कूटीवर मागून भीत भीत विचारलं, “रागावलीस?”

“संच करून परत लिस्ट करायची, हे तुमचं तुम्ही शोधलंत?”

“व्हय.”

“माझ्या वर्गातल्या एकाही पोरानं अजून आपण होऊन शोधलेलं नाही,” ती म्हणाली. “काय हरवतं ते बघितलं नाहीत, पण डोकं चालवलंत.”

एवढ्यावर तो घरापर्यंत हवेत होता. स्कूटीला सुद्धा वजन जाणवलं नसावं.

रविवारी गृहप्रवेश झाला. भन्तेजींनी परित्राण पाठ म्हटला. आक्काला पुढच्या रांगेत बसवलं आणि पहिली खीर तिच्या हातात दिली, तेव्हा तिनं गुंडूकडं एक नजर टाकली आणि मानाचा हिशेब मिटवला. दोन्ही बाळासो शेजारी शेजारी बसले होते. कुणीही ‘बाळासो!’ म्हणून हाक मारली, की दोघंही वळायचे आणि एकमेकांकडं बोट दाखवायचे. दुपारी सगळे जेवत असताना हुपरीचे बाळासो एकटेच उठले, घराला एक फेरी घातली आणि भिंतीवर थाप मारून आले. संघप्रिया लांबून ते बघत होती. प्रसेनजीत तिला बघत होता.

पुढं दिवाळीआधी संघप्रियाच्या जादा वर्गाची परीक्षा झाली. ती पेपर तपासायला घरी घेऊन आली. प्रसेनजीतनं सहज प्रश्नपत्रिका उचलली आणि त्याचे डोळे मोठे झाले. प्रश्न होता: ‘एका गृहस्थांनी पाहुण्यांच्या लिस्टचा संच केला आणि त्यांचे सासरे रागावले. गृहस्थांची चूक कोणती ते सांगून प्रोग्राम दुरुस्त करा.’

आपण अभ्यासक्रमात लागलो! प्रसेनजीतचा ऊर भरून आला. हा प्रश्न तर आपण जगलोय, असं म्हणून त्यानं कोरा कागद घेतला, गॅलरीत बसून मन लावून उत्तर लिहिलं आणि बाकीच्या पेपरांच्या गठ्ठ्यात हळूच सरकवून दिलं.

संघप्रियानं तो पेपरही इतरांसारखाच तपासला. त्यानं दुरुस्त केलेल्या प्रोग्राममधनं आणखीच नावं गळत होती; तिथं लाल शाईत लिहिलं होतं, ‘आता सासरेही गेले, सासूही गेली.’ गुणांच्या जागी शून्य होतं आणि त्याच्या पुढं अर्धा.

“हा अर्धा कशाबद्दल?” त्यानं आशेनं विचारलं.

“अक्षराबद्दल,” ती म्हणाली आणि पुढचा पेपर उघडला.

दुसऱ्या दिवशी फौंड्रीत डबा उघडताना प्रसेनजीत म्हणाला, “काल मला आमच्या हिच्या पेपरात मार्क मिळाले बरं का!” किती, असं कुणी विचारलं नाही, कारण तोवर सगळे जेवायला दुसरीकडं जाऊन बसले होते.